दुपारची बाळंतीण

शेलूबाजारच्या बाहेर, महामार्गाला लागून, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारलेले एक बियाणे केंद्र आहे. मी तिथली व्यवस्थापक. अमरावतीला कविता शिकलेल्या बाईने सोयाबीनच्या पोत्यांमध्ये काय करावे, असे कारंज्याच्या आमच्या घरी येणारे पाहुणे अजूनही विचारतात. मी त्यांना म्हणते, एकदा येऊन नुसते ऐका. चाळणी यंत्रातून निघालेले दाणे पत्र्याच्या उतरणीवर घरंगळतात तेव्हा कासाराच्या दुकानात एकाच वेळी शंभर हात बांगड्या भरून घेत असल्यासारखा नाद उठतो. त्या नादावर कोरड्या शेंगांचा किंचित कडवट वास तरंगत असतो, आणि संध्याकाळी बसमध्ये बसले तरी तो केसांतून उतरत नाही.

यंत्राला आकार कळतो, रंग कळत नाही. म्हणून शेवटची निवड हातांनी होते. भिंतीच्या कडेने अठरा बायका सुपे घेऊन बसतात आणि डागी, चिमलेला, फुटका दाणा वेचून बाजूला टाकतात. त्यांच्यात मावशी सगळ्यांत वडील. साठी ओलांडलेली, अंगाने चिमणीएवढी. नव्या बायकांना दाणा ओळखायला तीच शिकवते. ती बोलत असते समोरच्या बाईशी, नजर असते दारातल्या उन्हाकडे, आणि बोटे आपापली हिंडून नेमका नासका दाणा उचलून आणतात. मी एकदा विचारले, "मावशी, न बघता कसे कळते?" ती म्हणाली, "नासका दाना हाताले थंडा लागते." मी नंतर कितीतरी दाणे तळहातावर घेऊन पाहिले. मला सगळे सारखेच लागले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, हरभरा आला का मी काम थांबवतो. कंबर आयकत नाई आता."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना. ते म्हनते, दुपारी अर्धा घंटा पाठ टेकवा, काई होत नाई तुमाले. आता पाठ कुठी टेकवू? सुपात?"

ती हसली, पण मला तिचे घर माहीत होते. पुतण्याचे घर, माणसे मायाळू, परंतु सकाळी सगळी शेतात जातात आणि दिवसभर तिथे एक टीव्ही आणि एक खाट उरते. तिला ती खाट नको होती. "घरी बसलं का मानूस बसूनच राह्यते, मॅडम," ती जाता जाता म्हणाली, "मंग उठवाले चारजन लागतात."

त्या दुपारी मी प्रथमच गोदामाकडे नीट पाहिले. जेवणे झाली होती. हमाल पोत्यांच्या थप्पीवर चढून ऐसपैस पसरले होते. कुणाचा हात खाली लोंबत होता, कुणाच्या चेहऱ्यावर टोपी होती, आणि यंत्र चालवणारा गडी चक्क घोरत होता. त्यांना कुणी खोली बांधून दिली नव्हती. त्याच वेळी अठरा बायका भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, डबे धुऊन झाल्यावर उरलेला वेळ ताठ बसून काढत होत्या.

आमच्या केंद्राचे अध्यक्ष स्वतः शेतकरी. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी त्यांच्याकडे बारदान्याची खोली मागितली. रिकामी पोती ठेवण्याची ती खोली निवडीच्या दालनाला लागूनच होती.

"कायले पाह्यजे?"

"बायकांना दुपारी विसावा घ्यायला."

"बायका कामाले येतात मॅडम, झोपाले नाई."

"आणि भाऊ, तुम्ही काल थप्पीवर कशाला चढला होतात?"

ते मोकळे हसले. "घ्या खोली. पन हरभरा यायच्या आत वापरात दिसली पाह्यजे. नाईतर बारदाना परत आत."

पुढचे दोन आठवडे मी हरखून गेले होते. एखादी कविता जुळून यावी तशी ती खोली माझ्या मनात जुळत होती. भिंतींना चुना दिला आणि त्यात चिमूटभर नीळ घातली, म्हणजे पहाटेच्या आभाळाचा रंग येतो. यंत्राच्या बाजूच्या भिंतीवर जुन्या पोत्यांचे चार थर शिवून टांगले. त्यांनी तो शंभर बांगड्यांचा नाद असा पिऊन टाकला की आत आल्यावर आपल्याच श्वासाची चाहूल लागावी. उंचावरच्या खिडकीला पांढरा मलमलचा पडदा लावला. दुपारी त्यातून गाळून आलेले ऊन जमिनीवर दुधाच्या सायीसारखे पडे. चटया नव्या, त्यांना ओल्या गवताचा वास. कोपऱ्यात माठ, त्यावर पितळेचे झाकण, आणि दाराशी मोगऱ्याची कुंडी. फुले यायला अजून अवकाश होता, पण पाने टवटवीत होती. शेवटी दारावर मी स्वतःच्या वळणदार अक्षरांत एक पाटी लिहून लावली: शांतता राखा.

पहिल्या दिवशी दुपारी सगळ्या आल्या. दाराबाहेर चपला एका ओळीत काढल्या. डोक्यावर पदर घेतला. आत येऊन चटयांवर रांगेने मांडी घातली आणि पाठी ताठ करून समोरच्या निळ्या भिंतीकडे पाहू लागल्या. मी दारात उभी राहून त्या शांततेचा आनंद घेत होते. दहा मिनिटे गेली. मग एकीने हळूच विचारले, "झालं का मॅडम?"

"काय झालं का?"

"हे."

मागच्या ओळीतून दबलेले हसू फुटले. ते स्कूटीवालीचे होते. ती तिशीतली, मंगरूळपीरच्या वाटेवरच्या एका खेड्यातून मुलांना शाळेत सोडून स्कूटीवर येते, आणि तिच्या जिभेला कुणीच सुटत नाही. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या विहारात बी वंदना झाल्यावर बोलता येते. एथी तर तेबी नाई!"

मी पाटी काढली. म्हटले, बोला, हसा, पण कृपा करून आडव्या व्हा. कुणी हलले नाही. मावशी तर सर्वांत आधी उठून सुपाकडे गेली. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. चौथ्या दिवशी स्कूटीवाली माझी कीव येऊन म्हणाली, "बरं मॅडम, मी होतो आडवी. पाह्यतो तरी कसं लागते ते." ती चटईवर पडली आणि पडल्याबरोबर, कित्येक वर्षांची थकलेली असल्यासारखी, तिला गाढ झोप लागली; सुट्टी संपून यंत्र सुरू झाले तरी ती उठली नाही.

पाणी घ्यायला आलेल्या एका बाईने दारातून तिला पाहिले. दिवसाउजेडी, पाय पसरून, डोळे मिटलेली बाई. "अवं माय! पडली वो, पडली!" अशी तिने जी आरोळी दिली, तिने पोत्यांचे चारही थर भेदले. क्षणात सतरा बायका आत. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय घासायला घेतले. बाहेर गड्याने यंत्र बंद केले. भर कामात ते त्या हंगामात पहिल्यांदाच थांबले आणि त्या एकाएकी आलेल्या शांततेने सगळ्यांना अधिकच भीती वाटली. भाऊंनी जीप दाराशी आणून उभी केली. स्कूटीवाली ठसकत, नाकातून पाणी काढत उठून बसली.

"मी झोपली होती!" ती ओरडली. "झोपली होती मी!"

"दुपारी?" जिने आरोळी दिली होती तिने अविश्वासाने विचारले. "कायले? काय होऊन राह्यलं तुले?"

भाऊ जीपमधून उतरले, भिजलेली चटई पाहिली आणि माझ्याकडे वळून फार सौम्यपणे म्हणाले, "बारदाना आनू का मॅडम?"

त्या दिवशी मला माझ्या निळ्या भिंतीकडे बघवत नव्हते. मी उजेडाचा विचार केला होता, आवाजाचा केला होता, वासाचासुद्धा केला होता. बाईने दिवसा आडवे व्हायचे तर तिला काहीतरी झालेले असावे लागते, हे मला सुचले नव्हते. खरे तर सुचायला हवे होते; माझी आईही दुपारी कधी आडवी झालेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डबा खायला बसले. ठेच्याचा तिखट वास, ज्वारीच्या भाकरीचा कोमट पापुद्रा, पाठीवर पौषाचे ऊन. मी सरळच विचारले, "तुम्ही आयुष्यात दिवसा कधी निवांत झोपलात? आजारपण सोडून सांगा."

मग एक जण म्हणाली, "बायंतपनात."

"हो वो, बायंतपनात!"

आणि मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. बाजेखालच्या शेगडीचे, ओवा आणि लसणाच्या सालींच्या धुरीचे, कानाला घट्ट बांधलेल्या फडक्याचे, खिडकीला लावलेल्या वाकळीचे. एकीला डिंकाच्या लाडूची चव आठवली, एकीला अंग चोळणाऱ्या आईचे खडबडीत तळहात. "माह्या मायनं तर सासऱ्याले दारातून परत पाठवलं होतं. म्हने, पोरगी झोपली हाय, सांजच्याले या." बोलता बोलता त्यांचे खांदे सैल झाले होते. मी पाहत होते. माझ्या खोलीने चार दिवसांत जे केले नव्हते, ते त्या आठवणीने भाकरी संपायच्या आत केले.

स्कूटीवालीने बोटे चाटून पुसली. "मॅडम, तुमी खोली बनवली, पन बायंतीन नाई बनवली. तथीच चुकलं तुमचं."

तो खेळ तिथेच सुरू झाला. रोज दुपारी दोघी बाळंतिणी. पाळी ठरलेली, ज्यांची पाळी त्यांनी आत जायचे आणि बाकीच्यांनी त्यांची उठबस करायची. दुसऱ्या दिवशी एकीच्या घरून सुतळीच्या दोन बाजा मालवाहू ऑटोतून आल्या, कारण बाळंतीण चटईवर झोपत नाही. माझा मलमलचा पडदा काढून खिडकीला जाडजूड वाकळ लावली गेली. "बायंतिनीच्या डोयावर उजेड येऊ देऊ नाई," असे मला बजावण्यात आले. निळा रंग अंधारात बुडाला. सायीसारखे ऊन गेले. त्याच्या जागी ओव्याच्या धुराचा, सुतळीचा आणि खोबरेल तेलाचा एक ऊबदार काळोख आला, आणि मला कबूल करायला हवे की मी रचलेल्या उजेडापेक्षा तो फार अधिक देखणा होता. त्याला कडाच नव्हत्या. माणूस आत गेले की त्यातच विरघळून जाई.

बाहेर रोज दुपारी तमाशा रंगे. "आज कोन कोन बायंतीन?" "हे अन् ते. जुयं होनार हाय वाटते!" पाय चेपणारीला शिव्या, चहा उशिरा आणणारीला टोमणे. आतल्या दोघी अर्धा तास मेल्यासारख्या झोपत आणि उठल्यावर त्यांच्या गालांवर सुतळीची जाळी उमटलेली असे. ती जाळी मिरवत त्या सुपापाशी येऊन बसत.

या सगळ्यात मावशीचा थाट निराळाच होता. शेगडी तीच पेटवी. ओवा किती, साल किती, धूर कुठपर्यंत, हे तिलाच कळे. कानाला फडके असे बांधी की गाठ टोचत नसे. दारात बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यावर नुसत्या नजरेने जरब ठेवी. खोली भरली, पाळ्या फिरल्या, पहिला फेरा संपून दुसरा सुरू झाला, आणि एके दिवशी मी वहीत पाळ्या लिहिताना माझा पेन थांबला. मावशीचे नाव एकदाही आले नव्हते.

मावशीला मूल नाही. मला हे ठाऊक होते, सगळ्यांनाच होते. तरी कुणाच्या ध्यानात आले नाही की जिच्या कमरेसाठी ही खोली मागितली, तिलाच या खेळाने दाराबाहेर बसवले होते. तिने स्वतः एका शब्दानेही ते जाणवू दिले नव्हते.

मी तिला एकटीला गाठले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही खेळाच्या आधी येऊन पडत जा. कुणी नसताना."

तिने मान वर केली. "कोनी नसताना कायले? चोरी हाय का?" मग सुपातले दाणे एकदा झटकून म्हणाली, "राहू द्या मॅडम. तसंबी शनवारी माह्या शेवटचा दिवस हाय. हरभरा येऊन राह्यला."

हरभरा खरेच येत होता. दोन गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. मी शुक्रवारची दुपार त्या हिरवट, आंबूस वासात अस्वस्थपणे काढली, आणि दिवसाच्या शेवटी, काय करावे ते न कळून, स्कूटीवालीला तेवढे सांगितले की मावशीची पाळी कधीच आली नाही. ती हेल्मेट घालत होती. ते तिने तसेच अर्ध्यावर धरले. मग एकही टोमणा न मारता स्कूटी सुरू करून निघून गेली. आमच्या ओळखीत असे पहिल्यांदाच झाले.

शनिवारी जेवणे झाली. मावशी शेगडी पेटवायला उठली तर स्कूटीवालीने तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

"आज बुढीची पाळी."

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा आवाज शांत होता, पण त्याला धार होती. "कायचं बायंतपन वो माह्यं?"

स्कूटीवाली मावशीच्या सुपाशी गेली. निवडून झालेल्या, तोंडे शिवलेल्या दोन पोत्यांवर तिने थाप मारली. "हे काय! सकायपासून दोन झाले तुले. अन् ते बी एवढाले एवढाले! दम लागला नाई का तुले बुढे?"

मग मावशीचे ओठ थरथरले. मला वाटले, ती रडणार. ती म्हणाली, "पोरगा हाय का पोरगी?"

"बियानं हाय, बियानं! साऱ्या तालुक्यात पेरतीन तुह्या लेकराले!"

असे हसू मी त्या दालनात कधी ऐकले नव्हते. एक जण तर सुपावर पालथी पडली. मावशी स्वतः तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिची कंबर दुखली आणि "अवं बाप्पा, अवं बाप्पा" करत तिला दोघींनी धरून बाजेवर नेले. कानाला फडके बांधले. गाठ टोचली म्हणून तिने दोनदा सोडायला लावली. धूर जास्त झाला म्हणून रागावली. पाय चेपणारीला "जोर नाई का हातात?" म्हणाली. आणि मग तिची पाठ हळूहळू, एकेक मणका मोजत असल्यासारखी, सुतळीला टेकली. तिच्या तोंडून एक लांब श्वास निघाला. तिचे डोळे मिटले.

भाऊ नेमके तेव्हाच आले. हरभऱ्यासाठी पोती हवी होती, ठेवायला जागा हवी होती, आणि खोली खरेच वापरात आहे का, हे पाहण्याची त्यांनी ठरवलेली मुदत आली होती. ते दाराशी पोहोचतात तोच स्कूटीवालीने आडवा हात धरला.

"आत बायंतीन हाय."

"कोन?"

"बुढी."

भाऊंनी ते पचवले. "म्हंजे मी आत याचं नाई? विटाय हाय का?"

"विटाय-फिटाय आमी मानत नाई, भाऊ. पन बाप्या मानसानं आत याचं नाई, हे मानतो."

भाऊंनी वाकळीच्या फटीतून आतला काळोख पाहिला. बाजेवरचे ते चिमणीएवढे अंग, फडक्यात गुंडाळलेले डोके, संथ खालीवर होणारा पदर. त्यांनी नकळत पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि कुजबुजत विचारले, "किती दिवस चालन हे बायंतपन?"

"सव्वा मयना तरी. मंग दुसरीचं."

ते चपला हातात घेऊनच मागे सरले. थोड्या वेळाने हमाल बारदाना मागच्या पत्र्याच्या शेडकडे वाहून नेताना दिसले आणि भाऊ त्यांना सांगत होते, "आवाज करू नका बे. हयू!"

अर्धा तास झाला, पाऊण झाला. कुणी तिला उठवले नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, दाणे उतरणीवरून घरंगळू लागले, आणि सतरा बायका नेहमीपेक्षा थोड्या हळू आवाजात बोलत निवडत राहिल्या. तिच्या रिकाम्या जागेपाशी तिचे सूप भिंतीला टेकवून ठेवले होते.

मावशी बाहेर आली तेव्हा ऊन दारातून पार कलले होते. गालावर सुतळीची जाळी, डोळे झोपेने सुजलेले, केसांत ओव्याचा वास. ती दारातच थांबून सगळ्यांवर कडाडली, "उठवलं काहून नाई मले? अर्धा दिवस गेला! माह्या सुपाले कोनं हात लावला?"

"तुह्या लेकरायनं," कुणीतरी म्हणाले.

तिने तिकडे लक्ष दिले नाही. जागेवर येऊन बसली. बसताना कमरेवर हात ठेवायची तिची सवय होती; या वेळी तो हात सुपाकडेच गेला. थोडा वेळ तिची बोटे दाण्यांतून फिरली. मी वही घेऊन जवळून जात होते, तर खाली पाहतच ती मला म्हणाली, "मॅडम, त्या खिडकीच्या वाकयीले निरा धुराचा वास मारून राह्यला. मी घरी नेतो अन् धुऊन, वायवून सोमवारी घिऊन येतो."